जुना गिब्सन हमबकर: आत काय असतं, आणि मीटरवरच्या आकड्याचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मर्चंट नेव्हीतल्या काकांनी साठच्या दशकाच्या शेवटी विकत घेतलेली गिब्सन एसजी ही इलेक्ट्रिक गिटार आता नागपूरला तुमच्या घरी आली आहे. तिच्यात दोन हमबकर आहेत. पिकअप म्हणजे गिटारच्या तारेचं कंपन विजेत बदलणारी, चुंबकाशी बसवलेली गुंडाळी, आणि हमबकर म्हणजे दोन गुंडाळ्यांचा, घरघर मारणारा पिकअप. ब्रिज पिकअप (तारा गिटारच्या अंगावर टेकतात त्या बाजूचा) वाजतो, जॅकवर, म्हणजे केबल खुपसतात तिथे, मीटर लावला की ७.८ किलोओम दाखवतो. नेक पिकअप (मानेकडचा) मुका आहे, पण त्याला मीटर ४९० किलोओम दाखवतो. दोन्हींच्या पाठीवर सोनेरी अक्षरांचं छोटं काळं स्टिकर आहे, त्यावर पेटंट नंबर २,७३७,८४२. एक मित्र म्हणतो हे 'पीएएफ' आहेत, लाखांत जातील. दुसरा म्हणतो ७.८ म्हणजे कमी, खरे पीएएफ साडेआठच्या वर असतात, आणि तो ४९० वाला तर भलताच 'हॉट', म्हणजे जोरकस आवाजाचा, असणार. मुका पिकअप मोटार भरणाऱ्याकडून जुन्या मापाने भरून घ्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नको. निदान अजून तरी नको.

तो ४९० चा आकडा पिकअपचा नाहीच. तो तुमच्या व्हॉल्यूम पॉटचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या फिरत्या बटणामागच्या रोधाचा आहे. जॅकवर मोजताना पिकअप आणि ५०० किलोओमचा पॉट एकमेकांना समांतर असतात. पिकअपची तार कुठेतरी तुटली की मीटरला फक्त पॉट दिसतो. म्हणजे एका अर्थाने बातमी बरी आहे: नेकच्या बाजूचा स्विच, पॉट, जॅक सगळं शाबूत आहे, आणि तुटलंय ते पॉटच्या अलीकडे. किती अलीकडे, हे शोधायचं.

आता स्टिकर. सेथ लव्हर हा गिब्सनच्या कलामझू, मिशिगन इथल्या कारखान्यातला इंजिनिअर. त्याने दुहेरी गुंडाळीच्या पिकअपचा पेटंट अर्ज जून १९५५ मध्ये केला आणि पेटंट मिळालं जुलै १९५९ मध्ये, नंबर २,८९६,४९१. मधल्या काळात, म्हणजे १९५७ पासून, पिकअपच्या पाठीवर 'पेटंट अप्लाइड फॉर' असं लिहिलेलं स्टिकर लागायला लागलं. त्या तीन शब्दांची आद्याक्षरं म्हणजे पीएएफ. मॉडेलचं असं नाव कधी नव्हतंच. पेटंट हातात आल्यावरही कंपनी दोन-तीन वर्षं तीच स्टिकरं वापरत राहिली. १९६२ च्या सुमारास नंबरवाली आली, पण त्यांच्यावरचा नंबर भलताच. २,७३७,८४२ हे पेटंट गिटारवादक लेस पॉलच्या ब्रिज-टेलपीसचं, म्हणजे गिटारच्या तारा अडकवायच्या पट्टीचं आहे, पिकअपशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्या नंबरावरून पिकअपची नक्कल करायला निघालेल्या माणसाच्या हाती टेलपीसचा नकाशा पडला असता.

तेव्हा स्टिकरपुरतं बोलायचं तर तुमचे पिकअप पीएएफ नाहीत. पण म्हणून टाकाऊही नाहीत. नंबरवाल्या पिकअपमध्ये दोन पिढ्या आहेत. आधीची आतून जवळपास पीएएफच आहे. नंतरची 'टी-टॉप' म्हणून ओळखली जाते. तुमची गिटार साठच्या दशकाच्या शेवटची असेल तर माझा अंदाज टी-टॉपचा. तो बरोबर की चूक हे ठरवायची संधी मुक्या पिकअपनेच दिली आहे, कारण तो उघडावा लागणारच. चालू पिकअपचं झाकण मात्र केवळ कुतूहलापोटी काढू नका. कारखान्याचा अस्पर्श डाख असलेलं झाकण हाच विकत घेणाऱ्यासाठी अर्धा पुरावा असतो.

आत काय सापडेल ते सांगतो. झाकण आणि तळपट्टी दोन्ही निकेल सिल्व्हरची, म्हणजे आपल्याकडे भांड्यांच्या आणि खोट्या दागिन्यांच्या दुकानात ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तीच धातू. नावात सिल्व्हर असलं तरी चांदी नावाला नाही. तांबं, निकेल आणि जस्त. झाकणावर आधी निकेलचा मुलामा असे, साठच्या दशकाच्या मध्यापासून क्रोमचा. ही धातू निवडण्यामागे कारण आहे. पितळेचं झाकण घातलं तर त्यात भोवरप्रवाह (बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे धातूत गोल फिरणारी वीज) जोरात फिरतात आणि वरच्या पट्टीतली चमक खातात. जर्मन सिल्व्हरचा विद्युतरोध पितळेपेक्षा बराच जास्त, म्हणून ती कमी खाते, शिवाय तिच्यावर डाख छान धरतो. स्वस्त नकली पिकअपचं झाकण पुष्कळदा पितळेचं असतं. कानाला तो फरक ब्लँकेट पांघरल्यासारखा जाणवतो.

झाकणाखाली दोन बॉबिन शेजारी शेजारी, ब्युटिरेट प्लास्टिकचे. एकातून सहा स्क्रू जातात, दुसऱ्यात सहा गोल लोखंडी ठोकळे ठोकलेले असतात, ज्यांना स्लग म्हणतात. लव्हरच्या पहिल्या नमुन्यात वरून दिसणारे स्क्रू नव्हतेच. विक्रीवाल्यांना 'ॲडजस्ट होतं' असं गिऱ्हाइकाला सांगायला काहीतरी हवं होतं, म्हणून ते आले. दोन्ही बॉबिनच्या खाली, मधोमध, एक लांब चपटा चुंबक आडवा पडलेला असतो. त्याची एक कड स्क्रूंच्या लोखंडी पट्टीला टेकते, दुसरी स्लगना. म्हणजे एका बॉबिनला उत्तर ध्रुव मिळतो, दुसऱ्याला दक्षिण. स्लगवाल्या बाजूला चुंबकाशेजारी मेपल लाकडाची बारीक पट्टी असते, केवळ बॉबिन खाली बसू नये म्हणून दिलेला आधार. लाखो रुपयांच्या पिकअपमध्ये काडेपेटीच्या काडीएवढं लाकूड पाहिलं की पहिल्यांदा हसू येतं.

या मांडणीची गंमत अशी. मेन्सची घरघर (अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०) दोन्ही गुंडाळ्यांना सारखीच लागते. गुंडाळ्या एकमेकींना उलट जोडल्या की ती एकमेकींत विरते. मग गिटारच्या तारेचा आवाजही विरायला हवा ना? तो विरत नाही, कारण तारेखालचा ध्रुवही दुसऱ्या बॉबिनला उलटा आहे. दोनदा उलटं म्हणजे सुलट. घरघर एकदाच उलटली म्हणून मेली, तारेचा सूर दोनदा उलटला म्हणून दुप्पट झाला. घरघर मारणाऱ्या गुंडाळीची कल्पना लव्हरच्या आधीचीच आहे, आणि त्याच काळात रे बट्सनेही ग्रेच या दुसऱ्या गिटार कंपनीसाठी असाच पिकअप बनवला. लव्हरचं श्रेय त्याने ती एका साध्या, कारखान्यात रोज बनवता येईल अशा वस्तूत बसवली याचं.

दोन गुंडाळ्यांचा एक परिणाम मात्र कोणी मुद्दाम मागितला नव्हता. तारेकडे आता दोन ठिकाणांहून 'ऐकलं' जातं, आणि ती ठिकाणं सुमारे १८ मिमी अंतरावर आहेत. ज्या उपस्वराची लहर ३६ मिमी लांब, त्याच्या वेळी तारेचा एक बिंदू वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, आणि बेरीज शून्य. सुट्ट्या जाड ई तारेवर हा साधारण ३५ वा उपस्वर पडतो, म्हणजे २.९ किलोहर्ट्झच्या आसपास. तंबोऱ्याच्या जवारीत जे वरचे उपस्वर झणझणतात, त्यांच्यातला एक पट्टा या पिकअपला ऐकूच येत नाही. बारीक ई तारेवर तोच खड्डा ११ किलोहर्ट्झच्या वर जातो, तिथे गिटारच्या स्पीकरला तसंही काही ऐकवायचं नसतं. हमबकरवर जाड तारा मऊ आणि बारीक तारा तुलनेने स्वच्छ वाटतात, त्यामागे हेही एक कारण.

आता गुंडाळीची तार, आणि तुमच्या मित्राचा ओमचा हिशेब. जुन्या हमबकरमध्ये ४२ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं अमेरिकन माप) तार, प्लेन इनॅमलच्या आवरणाची. नुसत्या तांब्याची जाडी ०.०६३५ मिमी, डोक्याच्या केसाएवढी. एका बॉबिनवर ५,००० च्या आसपास फेरे, म्हणजे पाऊण किलोमीटर तार. दोन्ही मिळून दीड किलोमीटर. 'च्या आसपास' हे शब्द महत्त्वाचे. पीएएफच्या काळात बॉबिन भरलेला दिसला की यंत्र थांबवायचं, असा कारभार होता. म्हणून पीएएफ ७ किलोओमचेही सापडतात, ९ चेही. एकाच पिकअपच्या दोन गुंडाळ्यासुद्धा सारख्या नसत. समजा एकीवर ५,२०० फेरे आणि दुसरीवर ४,९००. ३०० फेऱ्यांची घरघर शिल्लक राहते, ती बहुधा कोणाला ऐकूही येत नाही, पण दोन गुंडाळ्या थोड्या वेगवेगळ्या वागतात आणि आवाजात जरा मोकळेपणा येतो. चुंबकाचंही तेच. अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा चुंबकी मिश्रधातू) २, ३, ४, ५, त्या दिवशी डब्यात जो असेल तो. १९६१ च्या आसपास चुंबक थोडा आखूड झाला आणि अल्निको ५ हा नेहमीचा ठरला. 'पीएएफचं अचूक स्पेसिफिकेशन' विचारणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच मी उलट विचारतो: कुठल्या पीएएफचं?

ओम मोजल्याने नेमकं काय कळतं? तारेची लांबी आणि जाडी यांचा एकत्र हिशेब, आणि तापमान. जाडीत नुसता ०.००२ मिमीचा फरक पडला, जो जुन्या तारेत सहज असे, तर तेवढ्याच फेऱ्यांना ८.० चे ८.५ होतात. फेरा एकही न वाढवता पिकअप 'हॉट' झाला! तापमानाचं तर नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो. तुम्ही मे महिन्यात दुपारी मोजलंत, खोलीत ४० अंश असतील असं धरू. समांतर पॉटमुळे दिसलेले ७.८ म्हणजे पिकअपचे खरे ७.९, आणि तेच २० अंशांना ७.३५ च्या आसपास येतील. हाच आकडा डिसेंबरात पहाटे मोजून बघा, घरबसल्या अर्धा किलोओम 'हरवलेला' दिसेल.

आवाज कुठे उठतो हे गुंडाळीचं इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवायचा तिचा गुण) आणि तिला जोडलेली कपॅसिटी (विद्युतभार साठवायची क्षमता) ठरवतात. साधारण ४.२ हेन्रीचा पिकअप, स्वतःची आणि केबलची मिळून ६०० पीकोफॅरड कपॅसिटी, असं धरलं तर शिखर ३.२ किलोहर्ट्झला येतं. या सूत्रात ओम कुठेच येत नाही. त्यांच्यामुळे शिखर जरासं बोथट होतं, एवढंच. केबल तीन मीटरऐवजी सहा मीटरची घेतली तर आवाजात जो फरक पडेल, तो ७.५ आणि ८ किलोओमच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा. आकड्यासाठी पैसे मोजणारे लोक केबल मात्र मिळेल ती लावतात.

आता मोटार भरणाऱ्याकडे का जाऊ नका, ते. त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे, मी वाइंडिंग त्यांच्यातल्याच एकाच्या बाकावर बसून शिकलो. अडचण गेजची आहे. आपल्या बाजारात तार एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापाने मोजतात, पिकअपची कागदपत्रं एडब्ल्यूजीने बोलतात. सुरुवातीच्या दिवसांत मी दुकानात '४२ गेज द्या' म्हणालो, त्यांनी प्रामाणिकपणे ४२ गेज दिली. घरी शिलाई मशीनच्या मोटरवर बॉबिन चढवून फेरे मोजत बसलो. दोन हजारांच्या आतच तार काठोकाठ आली. मला वाटलं माझा ताण सैल पडतोय, म्हणून उलगडून पुन्हा भरली. तिसऱ्या वेळी मायक्रोमीटर लावायची बुद्धी झाली: ०.१०. एसडब्ल्यूजीची ४२ म्हणजे ०.१०१६ मिमी. आपल्याला हवी ती तार त्यांच्या ४५ आणि ४६ च्या मध्ये पडते. म्हणून दुकानात गेज सांगूच नका, मिलिमीटर सांगा, आणि तारेचं टोक जाळून, इनॅमल पुसून स्वतः मोजा.

आणखी एक गोष्ट त्यांच्या सवयीच्या विरुद्ध जाते. मोटार भरताना फेरे घट्ट, शिस्तीत, आणि शेवटी वॉर्निशमध्ये बुचकळून. मोटारीसाठी ते योग्यच आहे. पिकअप वॉर्निशमध्ये बुडवला की तो पुन्हा कधीच उलगडता येत नाही. आणि केसाएवढी तार मोटारीच्या ताणाने ओढली तर ती लांबते, बारीक होते, आणि तुमचे ओम वाढतात. मग तुमचा मित्र खूश!

तर मुक्या पिकअपचं असं करा. आधी पॉटवरून त्याची तार सोडवा. ती जाळीदार कवचाची एकच तार असेल: बाहेरची जाळी म्हणजे अर्थ, आतली म्हणजे सिग्नल. त्या दोन टोकांवर मीटर लावा. इथे ७ च्या आसपास काही दिसलं तर पिकअप धडधाकट आहे आणि दोष पॉटवरच्या डाखात होता. मला चहा पाजा. काहीच दिसलं नाही तर झाकण काढायचं. दोन्ही लांब कडांना तळपट्टीशी डाखाचा एकेक ठिपका असतो. मोठ्या टोकाची, चांगली तापलेली डाख द्यायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) थोडा वेळ लावायची. लहान इस्त्री खूप वेळ धरून ठेवली तर आतला ब्युटिरेट बॉबिन मऊ होऊन वाकतो. डाख ओढून घ्या आणि पातळ पातं सरकवून ठिपका मोकळा करा. पातं तळपट्टीला धरून ठेवा. ते आत घसरलं तर सरळ गुंडाळीवर जातं, आणि मग माझ्याकडे दोन तुटक्या गुंडाळ्या येतात.

झाकण निघालं की बॉबिनच्या माथ्यावर बघा. ठसठशीत इंग्रजी टी अक्षर उठवलेलं असेल तर टी-टॉप. टी नसून एका टोकाला छोटी चौकोनी खिडकी आणि दुसऱ्या टोकाला गोल कडं दिसलं, तर जुन्या साच्यातला बॉबिन, म्हणजे आधीची पिढी, आणि मग पुढचं काम जरा श्वास रोखून करायचं. तारेचा रंगही बोलतो: प्लेन इनॅमल गडद, तपकिरी-जांभळट, नंतरची पॉली आवरणाची तार लालसर, उजळ. पॉलिउरेथेनचं आवरण डाखाच्या उष्णतेने आपोआप जळून जातं, प्लेन इनॅमल मात्र खरवडावं लागतं. ते नीट न खरवडता दिलेला डाख वरवर धरतो आणि वर्षांनी सुटतो.

गुंडाळ्यांभोवतीची काळी कागदी टेप टोकापासून सावकाश उकला. केस सुकवायच्या यंत्राची कोमट हवा पुरते. तिच्याखाली केसाएवढी तार आणि जाड तार यांचे सांधे आहेत, प्रत्येक बॉबिनला दोन. दोन्ही बॉबिन वेगवेगळे मोजा. एक साधारण पावणेचार किलोओम दाखवेल, दुसरा काहीच नाही. त्या दुसऱ्याचा बाहेरचा सांधा भिंगाखाली बघा. माझ्याकडे आलेल्या मुक्या पिकअपांत तुटकं टोक पुष्कळदा इथेच मिळतं, हिरवट डागाखाली: दमट हवा, जुना फ्लक्स (डाख धरावा म्हणून लावलेलं रसायन) आणि तांबं. काकांची गिटार जहाजावर फिरली आहे, खारी हवा तिने भरपूर खाल्ली असणार. असं टोक सापडलं तर एक-दोन फेरे सोडवा, खरवडा, नवा सांधा द्या. पाच हजारांतले दोन फेरे गेल्याने काही होत नाही, आणि मूळ गुंडाळी वाचते.

बाहेर काही सापडलं नाही, तर तुटलेलं टोक आतल्या बाजूला, पहिल्या फेऱ्याशी असू शकतं. मग त्या एकाच बॉबिनची गुंडाळी बदलावी लागेल. दुसऱ्याला हात लावायचा नाही, चुंबक हलवायचा नाही. काम पिकअपवाल्याला द्या आणि कागदावर लिहून द्या: ०.०६३५ मिमी तार, मूळ आवरणाची, फेरे ५,०००, ओम एकाच तापमानाला मोजून शेजारच्या बॉबिनशी जुळवून, वॉर्निश नाही. मेणाचं तो विचारेल. मूळ पिकअप मेणात बुडवलेले नसत, म्हणून मोठ्या आवाजात झाकण थरथरून किंचाळतात. तुम्ही घरात वाजवत असाल तर बिनमेणाचाच ठेवा. स्टेजवर जाणार असाल तर पॅराफिन आणि थोडं मधमाशीचं मेण, ६५ अंशांच्या आत, थर्मामीटर भांड्यात ठेवून. गॅसवर थेट भांडं ठेवणाऱ्याला पिकअप देऊ नका.

आणि झाकण काढायच्या आधी पाठीचा फोटो घ्या, पण स्टिकर सांभाळण्यासाठी त्याच्यावर कुठलीही चिकटपट्टी लावू नका. ते खरं तर स्टिकर नाहीच, पाण्यात भिजवून सरकवून बसवलेलं पातळ डिकल आहे. चिकटपट्टी काढाल तेव्हा ते तिच्याबरोबर येईल. वर कोरड्या कागदाचा तुकडा ठेवा, आणि इस्त्री त्या बाजूला नेऊ नका.